पुस्तक आल्यावर तीन महिने विक्री बरी, चौथ्या महिन्यात ठप्प : तीनदा झालं, कारण कुठे सापडलं ते लिहितेय

स्वतःच्या पैशाने रहस्यकादंबऱ्या, भयकथा, थ्रिलर छापणाऱ्यांसाठी हे लिहितेय, कारण हा प्रॉब्लेम मला एकदा नाही तीनदा आला आणि दर वेळी मी दुखतंय एकीकडे आणि औषध लावतेय दुसरीकडे असं करत बसले. मी गोव्यातल्या फोंड्याची, दिवसा एका पतसंस्थेत हिशेब बघते, रात्री जेवणखाण आवरलं की लिहिते. २०२१ पासून एकाच मालिकेच्या तीन कादंबऱ्या आल्या. सत्तरी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यातली महिला पीएसआय, २०१२ साली खाणी बंद पडल्या त्यानंतरचा काळ, पाण्याने भरलेले खाणीचे खड्डे आणि त्यात सापडणारी माणसं, असा सगळा विषय.

लक्षणं अशी. पुस्तक येतं, पहिले तीन महिने फोन थांबत नाही, व्हॉट्सॲपवर ऑर्डरी, ऑफिसात येऊन लोक प्रत घेऊन जातात. चौथ्या महिन्यात एकदम १२ प्रती, मग ९, मग ४, मग एखादा महिना कोराच. आणि वर पुढचं पुस्तक आधीच्यापेक्षा कमी जातं. पहिल्या तीन महिन्यांचे आकडे लिहायचे तर पहिलं पुस्तक ३४०, दुसरं २१०, तिसरं १५०. ही उतरती ओळ समोर ठेवली की कुणाचाही धीर सुटेल. तिसऱ्या पुस्तकानंतर मी चार महिने एक पान लिहिलं नाही, लोकांना आपलं लिखाण आवडेनासं झालं, आता थांबूया, असं घरी सांगूनही टाकलं होतं.

त्याआधी जे जे सुचलं ते करून बघितलं होतं. किंमत २५० वरून १८० केली, काही फरक नाही. इन्स्टावर ६००० रुपयांची जाहिरात केली, लाइक आले, ऑर्डर दोन आल्या. ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर परत परत पोस्ट टाकली, आणि हे मला आज सगळ्यात जास्त खटकतं, कारण ज्यांनी आधीच पुस्तक घेतलं होतं त्यांनाच मी घ्या घ्या म्हणत होते.

मार्चमध्ये आमच्याकडे थकीत कर्जाची खाती वेगळी काढतात. एकूण थकबाकी वाढली एवढ्यावर कुणी काही ठरवत नाही, खातं खातं उघडून कुठलं कशामुळे थकलंय ते बघावं लागतं. ते काम करताना एका संध्याकाळी डोक्यात आलं की आपण आपल्या पुस्तकाचा हिशेब असा कधी केलाच नाही. घरी येऊन कुरियरच्या पावत्या, यूपीआयचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी असं सगळं काढलं आणि शंभरपानी वहीत एकेक नाव लिहायला घेतलं. ओळखीचं नाव लाल शाईने, अनोळखी निळ्या शाईने. नातेवाईक, सोसायटीतले, माहेरच्या वाड्यावरचे, मुलीच्या शाळेतले, हे सगळे लाल. तीन रात्री गेल्या.

पहिलं पुस्तक, लाल २६०, निळे ८०. दुसरं, लाल १५०, निळे ६०. तिसरं, लाल ८५, निळे ६५.

म्हणजे जी विक्री पडत होती ती जवळजवळ सगळी लाल शाईची होती. आपल्या माणसाने पहिलं पुस्तक काढलं म्हणून २६० जणांनी प्रेमाने घेतलं, त्यातल्या किती जणांना खुनाच्या तपासाच्या गोष्टी आवडतात? माझी मोठी काकू फक्त संतचरित्रं वाचते, तिने तिन्ही पुस्तकं घेतली आणि तिन्ही देवघराशेजारी ठेवलीयत. त्या प्रेमाचे उपकार फिटायचे नाहीत, पण त्याला वाचकसंख्या समजून मी पुढच्या पुस्तकाची अपेक्षा बांधत होते ही चूक. खरे वाचक म्हणजे निळे, आणि ते ८०, ६०, ६५ असे जवळपास टिकून होते. मी ज्या गोष्टीसाठी लिहिणं सोडायला निघाले होते ती गोष्ट घडलीच नव्हती.

त्यामुळे तुमचीही विक्री पडत असेल तर आधी हे दोन रंग करा, बाकी सगळं नंतर. अंदाजाने करू नका, नावं लिहूनच करा.

दुसरा आकडा याहून महत्त्वाचा. पहिल्या पुस्तकाच्या त्या ८० अनोळखी लोकांपैकी दुसरं किती जणांनी घेतलं? नावं जुळवून बघितली, ५२. शंभरातले ६५. मालिका लिहिणाऱ्याने हा एक आकडा पाठ ठेवावा. तो जर दहा-वीसवर असेल तर दोष पुस्तकात आहे, शेवट फसलाय, मधेच कंटाळा येतोय, गुन्हेगार पन्नासाव्या पानावर कळतोय, असं काहीतरी, आणि मग जाहिरातीवर खर्च करण्यात अर्थ नाही, आधी चार परक्या माणसांना वाचायला देऊन विचारावं लागेल. माझा ६५ होता. याचा अर्थ आत शिरलेला माणूस पुढे येत होता, दारातून शिरणारेच मुळात ८० होते. म्हणजे दार तपासायचं.

इथे गोव्याची एक गोष्ट मान्य करायला हवी. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १४.५८ लाख, पुणे महापालिकेच्या तेव्हाच्या लोकसंख्येच्या निम्मीसुद्धा नाही, आणि मातृभाषा मराठी सांगणारे साधारण ११ टक्के. आता घरी कोंकणी बोलणारे पण सकाळी मराठी पेपर वाचणारे आणि जत्रेत मराठी नाटक रात्रभर बसून बघणारे आमच्याकडे घराघरात आहेत, त्यामुळे वाचणारे त्या आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त. तरी फोंडा, डिचोली, साखळी, पेडणे, म्हापसा फिरून झालं की ओळखीचं वर्तुळ तीन महिन्यांत संपतं, ते संपणारच. पुढचा वाचक सिंधुदुर्ग, कोल्हापूर, पुणे, ठाणे इथला, आणि त्याने मला कधी बघितलेलं नाही, त्याच्यापर्यंत फक्त मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरच्या आठ ओळी पोचतात.

आणि माझ्या पहिल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ काय होतं तर जलरंगातलं सुंदर कुळागर, म्हणजे आमच्याकडची सुपारीची बाग, पोफळी, मधून वाहणारं पाणी, कोपऱ्यात तांबूस ऊन. मैत्रिणीने जीव ओतून काढलेलं, मला आजही आवडतं. मागे लिहिलेलं, "गोव्याच्या मातीतली, माणसांच्या अंतरंगाचा वेध घेणारी कादंबरी." एका जत्रेत स्टॉल लावला होता तिथे साठीच्या एक बाई आल्या, पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि विचारलं, "कविता आहेत का गो?" मी म्हटलं नाही मावशी, खुनाचा तपास आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, परत मुखपृष्ठाकडे बघितलं आणि शेजारच्या मुलाला हाक मारली, "अरे, तुका जाय तसलें पुस्तक हांगा आसा" (तुला हवं तसलं पुस्तक इथे आहे). तो मुलगा तोवर दोनदा माझ्या स्टॉलवरून पुढे गेला होता, त्याने दोन्ही भाग घेतले. मी समोर उभी होते म्हणून ती विक्री झाली. पुण्यातल्या दुकानात किंवा मोबाईलच्या स्क्रीनवर बोटाच्या नखाएवढ्या चित्रात ते कुळागर बघून रहस्यकथेचा वाचक थांबेल कशाला?

नवीन मुखपृष्ठ केलं. खाणीच्या खड्ड्यातलं हिरवट पाणी, काठावर पोलिसांची टोपी, नाव जाड अक्षरात, मोबाईलवर लांबून वाचता येईल असं. वर बारीक अक्षरात मालिकेचं नाव आणि भाग १. मैत्रिणीला आधी घरी जाऊन सांगितलं, तिचं चित्र आत शीर्षकपानावर घेतलं. मलपृष्ठावरचं अंतरंग वगैरे सगळं काढलं आणि पहिलं वाक्य केलं, "खाण बंद पडून दोन वर्षं झाली तेव्हा खड्ड्यातलं पाणी उपसायची ऑर्डर आली, आणि तळाशी एक जीप निघाली." पुढे पाच ओळी, शेवटी एक प्रश्न, बस. साहित्यिक वाटावं म्हणून आपण रहस्यकथेला रहस्यकथा म्हणायला लाजतो, निदान मी लाजत होते, आणि ज्याला तीच हवी असते त्याला ती सापडत नाही.

आता ई-बुकचं, कारण चौथ्या महिन्याचं कोडं तिथे सुटलं. ॲमेझॉनच्या किंडलवर भारतातल्या विक्रीसाठी ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक केडीपीच्या (ॲमेझॉनवर आपलं ई-बुक आपणच प्रकाशित करायची सेवा) सिलेक्ट योजनेत ठेवावं लागतं, त्याची मुदत ९० दिवसांची, तेवढे दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेच ठेवायचं नाही, छापील पुस्तकाला हा नियम नाही. सिलेक्टमध्ये असलं की किंडल अनलिमिटेडवाले, म्हणजे वर्गणी भरून वाचणारे वाचक ते वाचू शकतात आणि वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात. मी तिन्ही पुस्तकांना मुदत आपोआप वाढवायची खूण काढून ठेवली होती, पुढेमागे दुसऱ्या ॲपवर टाकता येईल म्हणून, आणि मग विसरून गेले. त्यामुळे ९० दिवस संपले की पुस्तक अनलिमिटेडमधून बाहेर, पानं शून्य, रॉयल्टी ३५ टक्क्यांवर. तीन महिने आणि नव्वद दिवस! इकडे ओळखीचं वर्तुळ संपायची वेळ तीच आणि तिकडे सिलेक्ट संपायची वेळ तीच, दोन्ही एकाच महिन्यात पडायचे म्हणून मला वाटायचं की पुस्तकाचाच जीव गेला. शिवाय पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी खात्यात येतात, म्हणजे डिसेंबरमध्ये बँकेत जे कमी दिसतं ते ऑक्टोबरचं असतं, मी दर वेळी त्या महिन्यात केलेल्या कुठल्यातरी गोष्टीला दोष द्यायचे. बँक बघू नका, केडीपीचा रोजचा रिपोर्ट बघा.

एक अजून तिथलंच. ७० टक्क्यांत फाइलच्या दर एमबीमागे ७ रुपये डिलिव्हरीचे कापले जातात. माझ्या पहिल्या ई-बुकात नकाशा आणि चार फोटो होते, फाइल ६ एमबी. ९९ रुपये किमतीतले ४२ तिथेच गेले, उरलेल्या ५७ चे ७० टक्के म्हणजे ४० रुपयांच्या आत. फोटो काढले, नकाशा बारीक केला, फाइल १ एमबीच्या आसपास आली, तर तेच ६४ पर्यंत जातं. कर बाजूला ठेवून ढोबळ हिशेब आहे हा, पण विक्री तेवढीच असून पैसे कमी येत असतील तर आधी फाइलचं वजन बघा.

सगळ्यात वाईट वाटलं ते नमुन्याची पानं बघून. तिन्ही वर्षांत मी स्वतःचं पुस्तक वाचक म्हणून कधी उघडलंच नव्हतं. एक दिवस मुलीच्या फोनवर फुकट नमुना उघडला. अर्पणपत्रिका, मग प्रस्तावना, मग मनोगत, मग ऋणनिर्देश, त्यात छापखान्यापासून डीटीपीवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार, आणि मग गोष्टीची दीड पानं, नमुना संपला. जीप पाण्यातून निघायच्या आत वाचक निघून गेलेला. आणि त्या दीड पानांत "पर्वरी"चं झालेलं "पवर्री", "सूर्य"चं "सयूर्". छापायची फाइल जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये होती, ती युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि वेलांट्या सरकल्या आणि कुणी वाचून बघितलं नाही, म्हणजे मीच बघितलं नाही. पहिल्या पानावर असं दिसलं की माणूस समजतो पुस्तकच असं अडाणीपणे लिहिलंय. मी कामाच्या रगाड्यात एकवीस रात्री बसून तिन्ही पुस्तकं ओळ न् ओळ तपासली. ज्यांची पुस्तकं जुन्या डीटीपी फाइलमधून ई-बुक झालीयत त्यांनी आज रात्रीच आपला नमुना उघडून रफार बघावेत, हे मी अगदी कळकळीने सांगते.

आणि मनोगत शेवटी नेलं. पहिल्या पानावर एक ओळ अर्पण, लगेच प्रकरण पहिलं. मराठीत मनोगत पुढे असायची पद्धत आहे, मला स्वतःला मनोगतं वाचायला आवडतात, पण अनोळखी माणसाला माझं मनोगत कळायच्या आधी माझी गोष्ट आवडायला हवी.

शोधण्याचं थोडक्यात. आपले लोक सर्चमध्ये मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात. केडीपीत कीवर्डसाठी सात जागा असतात, मी सातही देवनागरीत भरल्या होत्या. चार रोमनमध्ये केल्या, रहस्यकथा, पोलीस तपास, गोवा, मराठी थ्रिलर असे साधे शब्द. वर्ग तीन निवडता येतात, त्यातला एक मी सामाजिक कादंबरी दिला होता, तो बदलून गुन्हे आणि तपास केला.

छापील पुस्तकात दाराचा दोष वेगळाच निघाला. तिसऱ्या भागाच्या वेळी स्टॉलवर वाळपईकडचे एक गृहस्थ आले, दोन्ही पुस्तकं चाळली, "दुसरो आसा, तिसरो आसा, पयलो खंय?" पहिला नव्हताच. ४०० छापले होते, ३६५ विकले, उरलेल्यांतले तीसेक पावसाळ्यात ट्रंकेत बुरशी धरून आणि कसर लागून गेले. आमच्या हवेत जून ते सप्टेंबर पुस्तक जमिनीलगत किंवा भिंतीला टेकून ठेवलं की संपलं, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलं तर अजून वाईट. आता लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर सोडून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवते. पण मुद्दा असा की मालिकेचा पहिला भाग संपलेला असताना मी दुसरा-तिसरा विकत बसले होते, तो कोण घेणार! आता पहिला भाग डिजिटल छपाईवर तीस-तीस करून काढते, प्रतीला खर्च साधारण दुप्पट पडतो, नफा नावापुरता, तरी पहिला भाग कधीच संपू द्यायचा नाही. दार बंद ठेवून घर कसं भरेल.

दुकानांत जांगडवर, म्हणजे विकलं तर पैसे नाहीतर परत या बोलीवर, पुस्तकं ठेवताना एक करा, दोन महिन्यांनी स्वतः जाऊन बघा. एका दुकानात माझी दहा पुस्तकं शाळेच्या हंगामात वह्यांच्या गठ्ठ्यामागे गेली ती तिथेच राहिली, दुकानदार चांगले आहेत, त्यांना सीझनला जागाच नसते. मी दहाच्या जागी तीन ठेवायला लागले, तीन समोर राहतात.

टपालाचे दर पुन्हा तपासून घ्या. पोस्टाची पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त रजिस्टर सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १००, कर वेगळा, ट्रॅकिंगसकट. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी ते आहे, तेव्हा आपली कादंबरी त्यात घेतील का ते काउंटरवर आधी विचारा, आणि पुस्तकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापलेलं असू द्या. मी मधल्या काळात घाबरून फॉर्मवर टपाल खर्च ८० रुपये लावला होता आणि तो तसाच राहिला, १८० च्या पुस्तकाला ८० टपाल बघून किती जण परत गेले असतील.

वाचनालयांबद्दल माझं मत पूर्ण बदललं. आधी वाटायचं वाचनालयात एक प्रत गेली की दहा गिऱ्हाइकं गेली. वहीत निळ्या नावांसमोर "कुठे कळलं" असा रकाना केला आणि लोकांना फोन करून विचारलं, सगळ्यात जास्त उत्तर आलं "गावच्या वाचनालयात पहिला भाग वाचला". म्हणून आता पहिला भाग वाचनालयाला भेट देते, दुसरा-तिसरा देत नाही, आतल्या शेवटच्या पानावर नंबर आणि पुढच्या भागाची दोन पानं.

हे सगळं करून आठ महिने झाले. फार मोठा चमत्कार नाही. पण वहीत लाल शाई जवळपास वापरली जात नाही आणि पहिल्या भागाच्या महिन्याला १५ ते २० निळ्या ओळी येतात, पूर्वी वर्षाला ८० आल्या तर पुष्कळ होत्या. चौथा महिना आला आणि गेला, मी तारीख बघायची विसरले. गेल्या आठवड्यात साताऱ्याहून एका सरांचा मेसेज आला, "मॅडम, त्या जीपमधल्या दुसऱ्या माणसाचं पुढे काय झालं ते सांगा, चौथा भाग कधी?" लिहून झालाय, पहिलं प्रकरण तिसऱ्या भागाच्या शेवटी जोडून फाइल चढवायची राहिलीय, रफार एकदा परत बघते आणि आज रात्री चढवते.